जेवण चुकलं तरी चालेल

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणाले तेव्हा मी आधी हसलेच. म्हटलं, अहो मी सातवी पास बाई. मेडिकलच्या काउंटरमागे एकतीस वर्षं उभी राहिले, पायाच्या शिरा फुगल्या, एवढीच माझी कमाई. तर संपादक म्हणाले, अक्का, तेच लिहा. म्हणून बसलेय. जसं बोलते तसंच लिहितेय, कुठे भरकटले तर सांभाळून घ्या.

दोंडाईच्याला मिरची मार्केटच्या रस्त्यावर आमचं मेडिकल. 'आमचं' म्हणायची सवय लागली, मालक दादा होते. फार्मसी शिकलेले ते, लायसन त्यांचं. माझे यजमान मिरचीच्या बाजारात तोलार, त्यांच्या ओळखीने मला झाडलोटीला ठेवलं. झाडता झाडता खोक्यांवरची अक्षरं लावायला शिकले. इंग्रजी मला शाळेने शिकवलं नाही, गोळ्यांच्या पाकिटांनी शिकवलं. पुढे पुढे दादा चिठ्ठी वाचायचे, मी माल काढायची, दादा तपासायचे, आणि गिऱ्हाइकाला समजावून सांगायचं काम माझ्याकडे. कारण दादांची भाषा पुस्तकातली. "आहारापूर्वी" म्हणायचे. समोरची म्हातारी काउंटरला कान लावून विचारायची, "काय म्हनतस भाऊ?" मग मी तिच्या अहिराणीत सांगायची आणि ती म्हणायची, "हां, आते समजनं."

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी एक युक्ती काढली होती. पाकिटाच्या मागच्या चंदेरी बाजूला निळ्या पेनने चित्र काढायचं. सकाळच्या गोळीवर सूर्य, संध्याकाळच्या गोळीवर चंद्र. माझा सूर्य जरा वेडाविद्रा यायचा, किरणं एका बाजूला जास्त. पण गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांच्या पिशव्यांत माझे सूर्य-चंद्र असायचे. कुठे लग्नाला गेलं, कोणी पिशवीतून पाकीट काढलं की मला कळायचं, हे आपल्याकडचं. त्याचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू.

शुगरवाल्यांच्या तर किती तऱ्हा. एक गुरुजी ज्या दिवशी जिलबी खातील त्याच दिवशी एक गोळी घ्यायचे, जसं काही जिलबीला उतारा. एक जोडपं दोघांत एकच पाकीट वापरायचं, "दोन्हीस्ले साखर शे, मंग दोन पाकिटं कसाले?" आणि सगळ्यात जास्त ते, ज्यांना बरं वाटलं की गोळी बंद करायची. दोन महिने बंद, मग पायाला जखम, मग पाय काळा, मग धुळ्याला नेऊन अंगठा काढायचा. मी असे अंगठे बरेच पाहिलेत. म्हणजे नसलेले पाहिलेत.

त्या रागातून माझं वाक्य तयार झालं. कोणालाही शुगरची गोळी दिली की पिशवी हातात देताना मी ते म्हणायची, एका सुरात, जात्यावरच्या ओवीसारखं: "जेवण चुकलं तरी चालेल, गोळी चुकवायची नाही."

लोकांना ते पाठ झालं. पिशवी घेताना तेच हसून म्हणायचे. एकदा दादा म्हणाले, "अक्का, तुझं हे वाक्य सगळ्या गोळ्यांना लागू नाही." मी म्हटलं, "दादा, माझं वाक्य लोकांच्या लक्षात राहतं, तुमचं राहत नाही." दादा पुढच्या चिठ्ठीकडे वळले. त्यांनी तेव्हा मला दोन शब्द जास्त सुनावायला हवे होते, किंवा मी विचारायला हवं होतं. ते राहिलं.

आता जे मला तेव्हा अर्धं माहीत होतं आणि आज पूर्ण माहीत आहे ते साध्या भाषेत सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही.

शुगरची गोळी म्हणजे एक गोळी नाही. एक असते मेटफॉर्मिन. बहुतेकांना पहिली तीच मिळते. ती अंगात नको ती साखर बनू देत नाही, खाल्लेली साखर वापरायला मदत करते. सुरुवातीला पोट ढवळतं, जुलाब होतात, म्हणून जेवणासोबत घ्यायची. मूत्रपिंड कमजोर असेल, दारू जास्त असेल तर डॉक्टरला आधी सांगायचं. पण एकटी घेतली तर साखर एकदम तळाला नेईल असं ती सहसा करत नाही. सरळ स्वभावाची.

दुसऱ्या जातीची गोळी तशी नाही. त्यातली एक जुनी, ग्लिबेनक्लामाईड. लहानशी, दिसायला गरीब. ती पोटामागच्या स्वादुपिंडाला टोचत राहते, की सोड इन्शुलिन, सोड इन्शुलिन. तुम्ही जेवलात की उपाशी आहात, हे तिला कळत नाही. उपाशी माणसाच्या अंगातली साखरही ती खाली ओढते. तिचा अंमल दिवसभर टिकतो, म्हातारपणी मूत्रपिंड थकलं असेल तर आणखी जास्त. साखर उतरली की आधी भूक, थरथर, घाम. मग मेंदूला खायला मिळेनासं होतं. माणूस चिडतो, भलतं बोलतो, ओळख विसरतो. बघणाऱ्याला वाटतं याला भांग चढली, किंवा वेड लागलं.

किंवा आमच्याकडे वाटतं ते, की याच्यात दुसरं कोणी आलं.

लोटन आबा आमचं जुनं गिऱ्हाईक. दोंडाईच्याहून बसने वीस मिनिटांवरचं गाव, नाव लिहीत नाही, माणसं जिवंत आहेत. उंच, भारदस्त, घशातून खोल आवाज. त्यांची बायको केसरमाय. माझं माहेर पाचोऱ्याला, आईवडील लवकर गेलेले. आखाजीच्या सणाला लेकी माहेरी जातात, मी कुठे जाणार? तर केसरमाय दर आखाजीला मला जेवायला बोलवायची. "पाचोरा दूर शे ना तुले, मंग मना घर तुनं माहेर." तिच्या घरच्या सांजोरीची चव अजून जिभेवर आहे.

आबांना डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ ती जुनी गोळी दिलेली. मी सूर्य-चंद्र काढून द्यायची. श्रावणात आबा कडक. सोमवार, शनिवार आणि मध्ये आणखी कुठले कुठले उपास. अशाच एका श्रावणात केसरमाय एकटीच गोळ्या न्यायला आली. गर्दी होती. ती काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "अक्का, आबास्ले दुपारले काय व्हस काय माहीत. घाम फुटस, भलतंच बोलतस. म्हनतस दार उघाड, सोन्या उन्हमा उभा शे."

सोन्या म्हणजे त्यांचा बैल. तो मरून पंधरा वर्षं झाली होती.

मी विचारलं, "गोळी चालू आहे ना?"

"चालू शे ना माय. उपासले बी चुकाडत नही. तुनंच वाक्य."

मला बरं वाटलं. मला बरं वाटलं, हे मी आज लिहितेय तर हात थांबतोय. मी म्हटलं, "वय झालं आता, दुपारचं ऊन लागतं. लिंबूपाणी द्या, मीठ टाकून." साखर टाकून म्हटलं नाही. शुगरवाल्याला साखर कशी सांगणार?

घरच्यांनी एका भगताला दाखवलं. त्याने सांगितलं, गेलेलं जनावर धन्याला न्यायला आलंय. शनिवारी दुपारी आबा झोपले ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हार्ट लिहिलं. वय सत्तर, शुगर, कोणी काही विचारलं नाही. मी अंत्ययात्रेला गेले, केसरमायला धरून बसले. मलाही काही सुचलं नाही.

पुढची आखाजी ही आबा गेल्यानंतरची पहिली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, बाहेरच्यांना म्हणून सांगते. आम्हा खानदेशी लोकांत त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात, तिच्यावर खरबूज, सांजोऱ्या ठेवतात. निखाऱ्यावर तूप आणि घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात. आणि गेलेल्या माणसाच्या जागी एका जिवंत माणसाला जेवायला बसवतात. त्या दिवसापुरता तोच पितर. त्याला गेलेल्याच्या आवडीचं सगळं द्यायचं, त्याने ते नाकारायचं नाही. फक्त आगारी होईपर्यंत त्याच्या पोटात पाण्यावाचून काही जायला नको.

आबांच्या जागी बसवलं होतं हिलाल नानांना. आबांचे लहानपणापासूनचे दोस्त. काडीसारखे बारीक, आवाजही बारीक, आणि सतत थट्टा. त्यांना ना शुगर, ना प्रेशर.

मेडिकल त्या दिवशी अर्धा दिवस. एकला दुकान बंद केलं आणि पुतण्या सुभाष, म्हणजे आबांच्या भावाचा मुलगा, मला मोटरसायकलवर घेऊन गेला. वैशाखातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. गावात कुत्रंही नव्हतं. घराचं दार झळांसाठी लावून घेतलेलं, आत अंधारा गारवा. सगळे थांबले होते. आगारी टाकणार मोठा मुलगा, तो सुरतेला असतो, आणि त्याची रेल्वे लेट होती. घागर भरलेली, निखारे राखेखाली, ताट वाढून झाकलेलं. भिंतीपाशी पाटावर हिलाल नाना.

मी म्हटलं, "नाना, आज तुमची मजा." एरवी त्यांनी मला चार टोमणे मारले असते. ते बघत राहिले. सदरा पाठीला चिकटलेला. मला वाटलं, उकडतंय.

थोड्या वेळाने ते बोलले. आवाज नानांचा नव्हता. जड, ओढत, घशातून येणारा.

"केसर."

घरात भांडं वाजायचं थांबलं. हिलाल नाना केसरमायला वहिनी म्हणायचे. चाळीस-पन्नास वर्षांत त्यांनी तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. तिला नावाने हाक मारणारं माणूस जगात एकच होतं.

"केसर, दार उघाड. सोन्या उन्हमा उभा शे."

कोणीतरी उठून दार उघडलं, कोणी ते मला आठवत नाही. गरम वारा आत घुसला. बाहेर पांढरं ऊन, रिकामं अंगण, खुंट्याच्या जागी नुसता खड्डा. काहीही नव्हतं. पण दाराजवळ बसलेल्यांनी पाय आखडून घेतले, जनावर आत येताना घेतात तसे. मीही घेतले.

केसरमाय त्यांच्यापुढे बसली. डोक्यावरचा पदर नीट केला, जसा आबांपुढे करायची. "तुम्ही उनात?" तिने विचारलं, म्हणजे आलात का. नाना तिच्याकडे बघत होते, पण जणू तिच्या मागे कोणाला बघत होते. ती हात जोडून म्हणाली, "मनावर राग शे का तुमना? तुम्ही गयात तवय मी चुल्हाजोडे व्हतू. मी तुमना जोडे नव्हतू." श्रावणापासून तिच्या छातीत हेच अडकलं होतं, आम्हाला कोणाला माहीत नव्हतं.

सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. लोक विचारतात, तू तर औषधातली बाई, तुला खरं वाटलं? वाटलं. तो आवाज तुम्ही ऐकला नाही. मी पुढे सरकले आणि नमस्काराला नानांच्या पायावर हात ठेवला.

पाय बर्फ होता.

वैशाखाच्या दुपारी, लावलेल्या घरात, घामाने निथळणारा माणूस आणि पाय गार. मी हात धरला, तोही गार, चिकट, आणि बोटं तारेसारखी थरथरत होती. आणि तसंच वाकलेलं असताना मला घागरीच्या बुडाशी ते दिसलं. आबांचा चष्मा, आबांची तंबाखूची डबी, आणि गोळ्यांचं पाकीट. मागची बाजू वर. निळ्या पेनचा सूर्य, किरणं एका बाजूला जास्त. त्याच्याशेजारी चंद्र. दोन्ही फोडलेले, दोन्ही रिकामे.

"या गोळ्या कोणी खाल्ल्या?" मी विचारलं.

केसरमायने मान वळवली नाही. "त्यास्नी खाद्यात," ती आबांबद्दल म्हणाली, "त्यास्न्याच शेतस ना. सकाळले अकरा वाजता दिन्यात, जेवनना आधी. वर्सातून एकदाव येतस त्या, म्हनीसन दोन्ही येळन्या संगेच दिन्यात." आणि मग, मला समजावून सांगावं तशी म्हणाली, "तूच सांगेल शे ना. जेवन चुकनं तरी चाली, गोयी चुकाडानी नही."

ते वाक्य मी हजारदा म्हटलंय. पण दुसऱ्याच्या तोंडून, त्या घरात, त्या घागरीशेजारी ऐकताना वाटलं की खरं भूत हे आहे, आणि ते मी सोडलंय.

अकरापासून दोन गोळ्या आणि रिकामं पोट. मी ओरडले, "गूळ आणा. पन्हं आणा. हे आबा नाहीत, नानांची साखर उतरलीय, मरतील ते!"

कोणी हललं नाही. एक म्हातारी म्हणाली, "आगारी व्हवाआधी तोंडमा काही टाकता येत नही." मी उठून स्वयंपाकघराकडे वळले तर केसरमायने माझा पदर धरला. घट्ट. तिचे डोळे मी विसरत नाही.

"थांब माय. जराखा थांब. त्यास्ले बोलू दे. एक सांगू दे मंग दे."

नानांचे ओठ हलत होते. काहीतरी येत होतं. तिला एक 'नाही' हवं होतं, राग नाही, एवढंच. आणि मला दिसत होतं की नानांची मान एका बाजूला कलते आहे. आणखी पाच मिनिटांनी त्यांना गिळताही आलं नसतं.

मी पदर सोडवला. ओढून सोडवला, फाटला. झाकलेल्या ताटात हात घालून गुळाचा खडा घेतला, पितराच्या ताटातला, आगारीच्या आधी. बोटांनी चुरून, ओला करून नानांच्या गालाच्या आत, दातांबाहेर लावत राहिले. अशा वेळी घशात पाणी ओतायचं नसतं, श्वासात जातं. गालात लावायचं, माणूस कुशीवर ठेवायचा. नीट गिळायला लागले तेव्हा सुभाषने पन्ह्याचा तांब्या धरला, घोट घोट. माझ्या मागे ती म्हातारी मला शिव्या देत होती. कशा दिल्या ते लिहिण्यासारखं नाही.

दहा मिनिटं गेली असतील, पंधरा. नानांनी डोळे मिटले, उघडले, तोंडातला गूळ चघळला. सगळ्यांकडे एकदा बघितलं. आणि त्यांच्या बारीक आवाजात म्हणाले, "काय व्हयनं? बठ्ठा काय मनाकडे देखी राह्यनात? मी काय नवरदेव शे का?"

केसरमाय जमिनीला हात टेकून बसली आणि म्हणाली, "गयात."

मी तिच्या नवऱ्याला दुसऱ्यांदा घालवलं होतं.

घरचे म्हणाले, आता बरे झाले ना, आता आगारी होऊ द्या. मी हट्ट धरला. ही गोळी एकदा गूळ दिला की सोडत नाही, पुन्हा खाली ओढते. सुभाषने शेजारच्यांची जीप आणली. वेशीत मोठा मुलगा स्टेशनवरून येताना भेटला, त्याला काय झालं तेही नीट सांगता आलं नाही. धुळ्याच्या वाटेवर सोनगीरच्या आसपास नाना पुन्हा गप्प झाले, पुन्हा गार पडले. डब्यात आंब्याचा रस घेतला होता, तो चाटवत चाटवत धुळ्याच्या दवाखान्यात पोचलो. दोन दिवस साखरेचं सलाईन चालू होतं. तिथला तरुण डॉक्टर मला म्हणाला, "मावशी, वेळेवर आणलंत. दोन तास उशीर झाला असता तर झोपेतच गेले असते. लोकांना वाटलं असतं हार्ट."

मी कॉरिडॉरच्या बाकावर बसले. 'लोकांना वाटलं असतं हार्ट.' ते शब्द कानात फिरत राहिले. घाम. दुपार. भलतं बोलणं. उपासालाही न चुकवलेली गोळी. शनिवार.

दवाखान्याच्या बाकावर बसून एखादी बाई रडत असेल तर धुळ्यात कोणी विचारत नाही. तिथे तसं रोजचंच.

एक गोष्ट मात्र मी आजपर्यंत उलगडू शकले नाही, आणि उलगडली असं खोटं लिहिणार नाही. साखर उतरली की माणूस भलतं बोलतो, हे डॉक्टरने सांगितलं. पण नेमकं तेच भलतं कसं? डॉक्टर म्हणाला, आबांच्या आजारपणात नानांनी ऐकलं असेल, डोक्यात राहिलं असेल. मी नानांना विचारलं. तर तो सगळा श्रावण नाना लेकीच्या बाळंतपणासाठी चाळीसगावला होते. आबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी परत आले, राख सावडायला. "माले तं माहीतबी नही लोटन काय बोले," ते म्हणाले. नंतर म्हणाले, "अक्का, माले फक्त एक याद शे. कोनी तरी मनाजोडे बठेल व्हतं. गार हात व्हता त्याना." तो हात माझा नव्हता. माझा हात त्या दिवशी तापलेला होता.

केसरमायकडे जायला मला महिना लागला. जाऊन काय सांगायचं ते शंभरदा घोकलं आणि तिच्यासमोर सगळं विसरले. सरळच सांगितलं. म्हटलं, आबांना सोन्याने नेलं नाही. माझ्या गोळीने नेलं असणार, माझ्या वाक्याने नेलं असणार. उपासाच्या दिवशी ती गोळी द्यायची नव्हती, डॉक्टरला विचारायला हवं होतं, तू मला सांगितलंस तेव्हा मी ऐकायला हवं होतं. तू चुलीजवळ होतीस यात तुझा काही दोष नाही. मी काउंटरजवळ होते, दोष तिथला आहे.

ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली. मला वाटलं आता उठवेल, दार दाखवेल. ते मला चाललं असतं.

मग तांदूळ बाजूला सारून म्हणाली, "म्हनजे आबा मनासंगे नही. तुनासंगे बोलाले येल व्हतात."

नंतर तिने मला चहा दिला. त्यात साखर नेहमीपेक्षा जास्त होती. जाणून टाकली की चुकून, मी विचारलं नाही. आखाजीला ती मला अजून बोलावते. पितराच्या ताटापाशी आता गोळ्या नसतात, आणि जो बसेल त्याच्या हातावर आधी गुळाचा खडा देतात, मग आगारी. त्या गावात आता तीन-चार घरी तसं करतात. नवीन सुनांना वाटतं, जुनी रीत आहे.

मी वाक्य बदललं. दादांना सांगितलं, त्यांनी काउंटरवर तशी पाटी लावली. पुढची वर्षं मी प्रत्येकाला विचारायची: ही कोणती गोळी माहीत आहे का? उपास करता का? उपासाच्या आधी डॉक्टरला विचारा. मेटफॉर्मिन वेगळी, ही वेगळी. घाम, थरथर, भलतं बोलणं झालं तर आधी तीन-चार चमचे साखर पाण्यात, मग दवाखाना. बेशुद्ध असेल तर तोंडात ओतायचं नाही. गेलेल्या माणसाच्या गोळ्या घरात ठेवायच्या नाहीत, आम्हाला परत आणून द्या. आणि स्वतःच्या मनाने गोळी बंदही करायची नाही, अंगठे गेलेले मी विसरले नाही. एवढं सगळं सांगायला वेळ लागायचा. मागची माणसं कुरकुरायची, "अक्का, कीर्तन आवर." नवीन बोलणं लांब होतं. त्याला सूर नव्हता. ते कोणाच्या पाठ झालं नाही.

जुनं मात्र झालेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मी काम सोडलं. आता या उन्हाळ्यातली गोष्ट. धुळ्याला भाचीकडे गेले होते, परतीला बसस्टँडवर उभी. मागे दोन बाया बोलत होत्या, दोघी अनोळखी. एक तरुण, एक माझ्या वयाची, उपासाच्या चिवड्याची पुडी हातात. तरुण म्हणाली, "आत्या, आज एकादशी, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही, गोळी कशाला घेता?" आणि म्हातारीने पिशवीतून पाकीट काढलं, आणि माझ्या सुरात, ज्या शब्दावर मी थांबायची त्याच शब्दावर थांबून म्हणाली:

"जेवण चुकलं तरी चालेल, गोळी चुकवायची नाही."

मी तिला उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. ती दोंडाईच्याची नव्हती. तिला कोणी सांगितलं, त्याला कोणी सांगितलं, कितव्या तोंडातून ते तिथवर आलं, देव जाणे. पाकीट कोणतं ते मला लांबून दिसेना. मी वळेपर्यंत त्यांची बस लागली, दोघी धावल्या, चढल्या.

बस साक्रीची होती. मला दोंडाईच्याला जायचं होतं, माझी बस समोर उभी होती, पिशवी आधीच जागेवर टाकून ठेवलेली.

मी साक्रीच्या बसमध्ये चढले. गर्दीतून वाट काढत म्हातारीच्या शेजारी जाऊन बसले. गोळी अजून तिच्या तळहातावर होती, ती पाण्याची बाटली उघडत होती. मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने दचकून माझ्याकडे बघितलं.

"कोण तुम्ही?" तिने विचारलं. "हात किती गार आहे तुमचा!"